उघडी मोटार आणि काढून ठेवलेला आधार

जुन्या मोटारींच्या हौशी मालकांमध्ये एक प्रश्न वरचेवर चर्चिला जातो. दुरुस्तीच्या निमित्ताने गाडीच्या सांगाड्याला बळकटी देणारा एखादा दांडा किंवा पट्टी काढावी लागली आहे. रंगवावयास दिलेला तो भाग परत येण्यास आठ-पंधरा दिवस लागणार आहेत. दरम्यान रविवारी हवा सुरेख आहे, हौशी मंडळींचा मेळावा दहा मैलांवर आहे आणि गाडीचे इंजिन तर ठणठणीत चालू आहे. अशा वेळी तेवढ्यापुरती गाडी रस्त्यावर काढण्यास हरकत आहे काय? प्रश्न साधा असला तरी उत्तर देणारे दोन तटांत विभागलेले असतात. एवढ्याशा पट्टीने काय होणार आहे, असे एक तट म्हणतो. पट्टी जागेवर बसल्याशिवाय गाडी हलवूच नये, असे दुसऱ्याचे म्हणणे असते. या वादात पहिल्या तटाची बाजू नेहमी वरचढ ठरते, कारण त्याच्यापाशी अनुभव असतो. त्याच्यापैकी अनेकांनी तशी गाडी चालविलेली असते आणि काहीही झालेले नसते.

‘काहीही झाले नाही’ हा पुरावा कितपत पुरावा आहे, हे येथे तपासावयाचे आहे. वरवर पाहता हा मूठभर हौशी लोकांच्या चैनीचा प्रश्न आहे. वस्तुतः जो आधार डोळ्यांना दिसत नाही, त्याचे मोल कसे ठरवावयाचे, हा त्यातील खरा मुद्दा आहे. आणि ज्यांनी जन्मात कधी उघड्या मोटारीत पाऊल ठेवलेले नाही अशांचाही त्या मुद्द्याशी संबंध येतो.

छत नसण्याची किंमत

बुटांचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका झाकणासह दोन्ही हातांत धरून पिळून पाहावा. तो सहजासहजी पिळला जात नाही. झाकण काढून तोच प्रयोग केला की खोका हातात लुळा पडतो. पुठ्ठा तोच, बाजू त्याच. फक्त एक बंद पेटी उघडी झालेली असते. उघड्या मोटारीचे सारे दुखणे या खोक्यात आहे.

फार पूर्वी मोटारीला लोखंडी तुळयांचा स्वतंत्र सांगाडा असे आणि त्यावर शरीर नुसते बसविलेले असे. तेव्हा छत हे पावसापाण्यापुरतेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रचना प्रवासी मोटारींतून हळूहळू मागे पडली. तळ, बाजूचे खांब, दारांखालचे उंबरे आणि छत या सर्वांची मिळून एकच पेटी बनवावयाची आणि त्या पेटीनेच सांगाड्याचे काम करावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. या पद्धतीत छत हे केवळ आच्छादन राहिले नाही. रस्त्याने एका चाकाला दिलेला धक्का साऱ्या पेटीत वाटून देणारे ते एक महत्त्वाचे अंग झाले. एकत्र कुटुंबात जसा एकाचा भार सर्वांनी उचलावा, तसा हा प्रकार आहे.

अशा पेटीचे छत कापून टाकले की ते काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते. म्हणून कारखानदार उंबऱ्यांचा पत्रा दुहेरी करतात, तळाला जादा पट्ट्या जोडतात, पुढच्या काचेची चौकट जाड करतात आणि जेथे वाव असेल तेथे आडवे-तिरपे दांडे घालतात. परिणामी, छत काढून टाकलेली गाडी छत असलेल्या तिच्याच भावंडापेक्षा बहुधा जड भरते. मोकळ्या आकाशाचे सुख फुकट मिळत नाही. त्याचे मोल पोलादात मोजावे लागते. एवढे करूनही पुष्कळ उघड्या गाड्यांत खराब रस्त्यावर पुढची काच आणि तिच्याखालची फळी थरथरते. १९६७ सालच्या शेव्हरोले कॅमारोच्या उघड्या नमुन्यात ही थरथर शमविण्यासाठी गाडीच्या चारही कोपऱ्यांत वजनदार नळकांडी बसविलेली होती. निरुपयोगी ओझे समजून पुढे अनेक मालकांनी ती काढून टाकली. ज्या वस्तूचे काम काहीतरी होऊ न देणे हे असते, तिच्या वाट्याला हा अविश्वास ठरलेलाच असतो.

मस्टँगचे उदाहरण

या संदर्भात फोर्ड कंपनीच्या मस्टँग गाडीचे उदाहरण बोलके आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली. छताच्या साध्या नमुन्याची किंमत २,३६८ डॉलर होती, आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. १९६५ आणि १९६६ या दोन मॉडेल-वर्षांत उघड्या छताच्या मस्टँग पावणेदोन लाखांच्या घरात बनल्या. आज जुन्या मोटारींचा शौक करणाऱ्या अमेरिकनांत ही गाडी सर्वांत परिचित गाड्यांपैकी एक आहे, ती त्यामुळेच.

या गाडीची पुढची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. तिच्या पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा इंजिनाच्या दोन्ही बाजूंस पत्र्याच्या उंच मनोऱ्यांत बसविलेल्या असतात. गाडीच्या पुढच्या भागाचा भार आणि खड्ड्यांचे सारे हादरे या दोन मनोऱ्यांवर येतात आणि ते मनोरे इंजिनाच्या बाजूस, म्हणजे आत झुकू पाहतात. त्यांना सावरण्यासाठी मनोऱ्यांपासून इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत आधार दिलेले असतात. अमेरिकेत विकावयाच्या गाड्यांना हा आधार दोन सुट्या, हलक्या तुकड्यांचा असे. परदेशी पाठवावयाच्या गाड्यांना मात्र दोन्ही मनोरे आणि मागची भिंत यांना एकत्र बांधणारा एकसंध, दणकट आधार देण्यात येई. कारण तेथील रस्ते अधिक खडतर असणार, हा हिशेब होता. त्यामुळे या भागाचे नावच ‘एक्स्पोर्ट ब्रेस’ असे पडले. याशिवाय माँटे कार्लोच्या मोटार-शर्यतीवरून नाव मिळालेला एक आडवा दांडा दोन मनोऱ्यांना थेट एकमेकांशी जोडतो. १९६५ सालच्या शेल्बी जी. टी. ३५० या शर्यतीच्या वळणाच्या मस्टँगमध्ये हे दोन्ही आधार होते, आणि पुढे साध्या मस्टँगच्या मालकांनीही ते हौसेने बसवून घेतले.

हे आधार वितळजोड केलेले नसून बोल्टने आवळलेले असतात. इंजिनावर काम करावयाचे तर ते मिस्त्रीच्या हाताच्या आड येतात, म्हणून प्रथम तेच सुटतात. मोठा हवागाळक बसविला आणि तो दांड्याला घासू लागला, तरी दांडाच बाजूला ठेवला जातो. काढावयास दहा मिनिटे लागतात. परत बसविण्याचे काम मात्र ‘सवडीने’ या सदरात जाते.

दुसरी बाजू

न्यायाने बोलावयाचे तर पहिल्या तटाच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि ते नाकारून भीती घालण्यात अर्थ नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या लाखो मस्टँगना माँटे कार्लोचा दांडा कधी नव्हताच. तरी त्या वर्षानुवर्षे धावल्या. तेव्हा प्रत्येक आधार सारख्याच मोलाचा आहे, असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. आधारांच्या तीन प्रती कराव्या लागतील. पहिल्या प्रतीत, कारखान्याने गाडीचा आराखडा करतानाच जे धरलेले असतात असे आधार येतात. ते काढले तर आराखडाच अपुरा होतो. दुसऱ्या प्रतीत, अधिक खडतर वापरासाठी कारखान्याने दिलेली जादा बळकटी येते. तिसऱ्या प्रतीत, पुढे बाजारातून आणून लावलेले दांडे येतात. त्यांतील काही उपयुक्त असतात आणि काहींचे प्रयोजन बॉनेट उघडल्यावर चकाकण्यापलीकडे नसते.

तिसऱ्या प्रतीतील दांडा काढून कोणी रविवारी फिरून आला तर काहीही बिघडत नाही. पहिल्या प्रतीतील आधारांबाबत मात्र हयगय परवडत नाही. काही युरोपीय उघड्या गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत तर पोटाखालची बळकटीची पट्टी काढलेली असताना गाडी चालवू नये, असे स्पष्ट बजावलेले असते. खरी अडचण अशी, की काढलेला आधार कोणत्या प्रतीतील आहे याचा विचार काढणारा क्वचितच करतो. तो सर्वांना एकाच नावाने ओळखतो आणि एकाबाबतचा निर्धास्त अनुभव दुसऱ्याला लावतो. शेजाऱ्याच्या गाडीला काही झाले नाही, म्हणून आपल्याही होणार नाही, हा तर्क तपासला जात नाही. कारण तो सोयीचा असतो.

येथे आणखी एक गोष्ट विसरली जाते. आराखडा करणाऱ्याने हिशेब धरला होता तो नव्या, कोऱ्या पोलादाचा. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचे उंबरे आतून गंजलेले असू शकतात. तळाच्या पत्र्याला कोणी कधी ठिगळ लावले असेल, एखाद्या जुन्या अपघाताची सुरकुती रंगाखाली दडलेली असेल. १९६५ साली जो आधार ‘जादा’ होता, तो आज गरजेचा झालेला असू शकतो, कारण त्याच्या बरोबरीने भार उचलणारे भाग थकलेले आहेत. वाड्याच्या बाकीच्या खांबांना वाळवी लागल्यावर शोभेसाठी म्हणून उभारलेला खांबही छप्पर पेलू लागतो. त्याला हलविण्यापूर्वी इतरांकडे पाहून घ्यावे लागते.

पोलाद हिशेब ठेवते

लोखंड एका प्रचंड ओझ्याने तुटते, एवढेच पूर्वी लोक जाणत होते. परंतु ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा कणा वाटेत म्यूदाँजवळ मोडला आणि त्या अपघातात पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या कण्यावर त्या दिवशी काही अपूर्व भार आलेला नव्हता. रोजचेच ओझे तो वाहत होता. पुढे ऑगस्ट व्योलर या प्रशियन रेल्वे-अभियंत्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले, की जो भार एकदा सहज पेलला जातो तोच लाखो वेळा उलटसुलट पडला तर धातूला निकामी करतो. याला धातूचा थकवा म्हणतात. पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखालचे ताण कितीही वेळा सोसले जातात, हे खरे. परंतु बोल्टाचे भोक, वितळजोडाची कड, गंजाने पडलेला खड्डा अशा ठिकाणी ताण एकवटतो आणि ती मर्यादा नकळत ओलांडली जाते.

येथे ‘काहीही झाले नाही’ या वाक्याचा फोलपणा ध्यानात येतो. थकव्याची चीर पडते तेव्हा आवाज होत नाही. चालकाला स्टिअरिंगवर काही जाणवत नाही. रविवारची फेरी सुखरूप होते आणि मालक दांड्याविषयीचे आपले मत बनवितो. फेरीचा हिशेब मात्र एका ठिकाणी लिहिला गेलेला असतो. मनोऱ्याच्या पत्र्यात, बोल्टाच्या भोकाच्या कडेला. अर्थव्यवहारात ज्याला स्थगित खर्च म्हणता येईल तोच हा. रक्कम खर्ची पडली, पण वहीत नोंद झाली नाही, म्हणून नफा झाल्यासारखे वाटते.

मस्टँगच्या मालकांना हा हिशेब पुष्कळदा एका विचित्र रीतीने भेटतो. आडवा दांडा परत बसवावयास घ्यावा, तर एका बाजूचे बोल्ट बसतात आणि दुसऱ्या बाजूची भोके जुळत नाहीत. दांडा लांब झालेला नसतो. मनोरे एकमेकांच्या जवळ आलेले असतात. हे एका रविवारात घडत नाही. वर्षांच्या वापराने, थोडेथोडे घडते. मग कोणी जॅक आडवा लावून मनोरे फाकवितो, कोणी कानशीने भोक लांबट करतो. कमीजास्त लांबीचे, पेच फिरवून जुळवून घेण्याजोगे दांडे बाजारात विकत मिळतात, यावरूनच ही अडचण किती सार्वत्रिक आहे ते कळते. भोक लांबट केल्यावर दांडा जागेवर दिसतो खरा. पण तो आता वाकलेल्या मनोऱ्यांना वाकलेल्याच स्थितीत धरून ठेवतो. तेव्हा काढलेला आधार केव्हाही परत बसविता येईल, हे गृहीतकच येथे डळमळते. आधार कोपऱ्यात तसाच पडून राहतो, पण ज्या आकाराला तो आधार द्यावयाचा तो आकार तोवर बदललेला असतो.

तात्पुरतेपणाची सवय

कोणत्याही तडजोडीतील धोका पहिल्या दिवशी सर्वांत कमी असतो, कारण त्या दिवशी माणूस सावध असतो. दांडा काढलेला आहे हे जाणणारा मालक पहिल्या फेरीत खड्डे चुकवितो, वेग आटोक्यात ठेवतो, दाराच्या फटीकडे लक्ष देतो. दुसऱ्या फेरीत तो थोडा सैलावतो. पाचव्या फेरीपर्यंत दांडा कोठे ठेवला आहे, हेही त्याला आठवत नाही. सुखरूप पार पडलेली प्रत्येक फेरी पुढच्या फेरीची खबरदारी कमी करीत जाते. आणि धातूचा थकवा मात्र वाढतच असतो. सावधगिरी उतरणीला आणि धोका चढणीला, अशा या दोन रेषा कोठेतरी एकमेकींना छेदतात.

ही प्रवृत्ती हौशी मोटारवाल्यांपुरती मर्यादित नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतील शिक्षिका होती. बाजूच्या अग्निबाणाच्या जोडातील रबरी कड्यांनी दगा दिला होता. परंतु ती कडी आधीच्या उड्डाणांतही जळालेली, झिजलेली आढळली होती. दर वेळी यान सुखरूप परतले, म्हणून ती झीज ‘चालण्याजोगी’ ठरत गेली. डायान व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ सालच्या आपल्या ग्रंथात या प्रक्रियेची चिकित्सा केली आणि तिला विचलनाचे सामान्यीकरण असे म्हटले. जे नियमाबाहेर होते ते हळूहळू नियमात बसते, आणि हे घडविणारी माणसे दुष्ट किंवा मूर्ख नसतात. ती अनुभवावर विसंबलेली, शहाणी माणसे असतात. अग्निबाण आणि रविवारची मोटार यांच्या परिणामांत अर्थात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, परंतु मनाचा व्यापार तोच आहे.

भार कोणाच्या खात्यावर?

आपल्या गाडीचे आणि आपल्या जिवाचे काय करावयाचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असे यावर म्हटले जाईल. व्यक्तिस्वातंत्र्याचा हा युक्तिवाद मान्य होण्याजोगा आहे. परंतु त्यासाठी जोखीम घेणारा आणि जोखमीची किंमत मोजणारा हे दोघे एकच असावे लागतात. येथे ते तसे नसतात. शेजारच्या आसनावर बसलेल्या पत्नीला किंवा मागे बसलेल्या मुलांना पोटाखालची पट्टी गॅरेजमध्ये राहिली आहे, हे कोणी सांगितलेले नसते. रस्त्यावरच्या इतरांना तर ते कळण्याचा मार्गच नाही.

सर्वांत मोठा भार पडतो तो पुढच्या ग्राहकावर. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे मुख्य उदाहरण होते जुन्या मोटारींच्या बाजाराचे. गाडीतील खोट विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. म्हणून ग्राहक सर्वच गाड्यांना सरासरी किंमत देऊ लागतो. तेवढ्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही, आणि बाजारात खोट असलेल्या गाड्याच उरू लागतात. या विवेचनासाठी त्याला पुढे २००१ साली स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. दांडा काढून वर्षभर चालविलेली आणि विक्रीच्या आदल्या दिवशी दांडा आवळून, पुसून-पासून उभी केलेली मोटार हे त्या निबंधाचे जिवंत प्रात्यक्षिक होय. ग्राहक बॉनेट उघडतो, चकचकीत दांडा पाहतो आणि त्याच्यासाठी चार पैसे अधिकच देतो. लांबट झालेले भोक वॉशरखाली झाकलेले असते. मालकाला जी फेरी फुकट वाटली होती तिचे बिल असे दुसऱ्याच्या नावे निघते. ‘माझी गाडी, माझा प्रश्न’ हे म्हणणे गाडी विकली जाईपर्यंतच खरे असते.

आपल्याकडील स्थिती

आपल्याकडे जुन्या उघड्या मोटारी संख्येने थोड्या. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर मिरवणुकीच्या दिवशी त्या दिसतात आणि लोक कौतुकाने पाहतात. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये अशा वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि चासी, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि प्रदर्शन, मेळावे, इंधन भरणे, देखभाल अशा ठराविक कारणांखेरीज ते रस्त्यावर आणावयाचे नसते. हे नियम योग्यच आहेत. परंतु मूळ रूपाचा आग्रह धरणारा नियम कागदावरचे रूप पाहतो. दुरुस्तीसाठी सुटलेला दांडा परत बसला की नाही, हे कोणत्याही नोंदणी-पुस्तकात दिसत नाही. ते फक्त मालक आणि मिस्त्री या दोघांनाच ठाऊक असते.

शिवाय आपले रस्ते कसे आहेत, हे सांगावयास नको. पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि कोणीही कोठेही घातलेले गतिरोधक यांवरून जाताना गाडीचे एक चाक वर आणि दुसरे खाली, अशी स्थिती पावलोपावली येते. उघड्या गाडीला पिळून काढणारी हीच स्थिती. फोर्डच्या कारखान्याने खडतर रस्त्यांच्या देशांसाठी म्हणून जो आधार निराळा काढला, तो काढून ठेवण्याची चैन अमेरिकेतील गुळगुळीत राजरस्त्यावर एक वेळ परवडेल. इकडे ती परवडणारी नाही.

यावर उपाय अवघड नाहीत आणि खर्चिकही नाहीत. काढलेला आधार कोणत्या प्रतीतील आहे, हे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावे. पुस्तिका नसेल तर तो पहिल्या प्रतीतील आहे असेच धरून चालावे. तो जागेवर नसताना गाडी हलविणे भागच असेल तर ती मालमोटारीवर चढवून न्यावी. तेही शक्य नसेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत, एकट्याने आणि संथ गतीने न्यावी. कुटुंबासह मेळाव्याला नेऊ नये. भाग सुटताक्षणी स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधावी, म्हणजे पाचव्या दिवशीही विसर पडणार नाही. आधार परत बसविताना गाडी जॅकवर लोंबकळत ठेवून बोल्ट आवळू नयेत. अशा वेळी उघड्या गाडीचे शरीर वाकलेले असते आणि दारेसुद्धा नीट मिटत नाहीत. चारही चाके सपाट जमिनीवर टेकलेली असताना शेवटचा पीळ द्यावा. भोके जुळत नसतील तर कानस हातात घेण्यापूर्वी ती का जुळत नाहीत, हे शोधावे. आणि काय काढले, केव्हा काढले, केव्हा बसविले, याची नोंद एका साध्या वहीत करून ती वही गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्यावी. अकरलॉफने दाखविलेल्या दुखण्यावर हा एक स्वस्त उतारा आहे.

या साऱ्यात कायद्याचा धाक फारसा कामाचा नाही. बॉनेटखाली आणि गाडीच्या पोटाखाली डोकावत बसणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. येथे भिस्त राहते ती मिस्त्रीच्या सचोटीवर आणि मालकाच्या विवेकावर. ‘एवढा दांडा आल्याशिवाय गाडी देत नाही’ असे म्हणणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला हटवादी वाटतो आणि त्याचे गिऱ्हाईक कदाचित शेजारच्या गॅरेजकडे वळते. त्याच्या या हटवादीपणाने काय टळले, हे कधीच सिद्ध करता येत नाही. म्हणून त्याचे श्रेयही त्याला कोणी देत नाही. समाजात असे अनेक जण असतात. पुलाचे सांधे दरसाल तपासणारा कर्मचारी, ठेवींच्या मानाने राखीव निधी धरून ठेवणारा बँकेचा अधिकारी, परीक्षेच्या उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा मोजणारा कारकून हे सारे त्याच जातीचे. काम अडले की प्रथम त्यांच्याकडेच बोट दाखविले जाते, आणि तेवढ्यापुरते त्यांना बाजूला करावे, असा सल्लाही दिला जातो.

असा सल्ला ऐकताना दोनच प्रश्न विचारावेत. हा आधार कशासाठी बसविला होता, आणि तो परत केव्हा बसणार? पहिल्याचे उत्तर ठाऊक नसेल तर तो काढू नये. दुसऱ्याचे उत्तर तारखेनिशी देता येत नसेल तर तो ‘तात्पुरता’ काढला आहे, असे म्हणू नये. रविवार पुढच्या आठवड्यातही येतो. मेळावा एकदा चुकला तर काही बिघडत नाही. दांडा जागेवर आल्यावर तीच गाडी, तेच मोकळे आकाश आणि तोच रस्ता हजर असतो.